पत्त्याच्या रकान्यातली गावं

मला लिहायला कुणी शिकवलं नाही. लग्न होऊन बीडला आले तेव्हा एसटीची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती. नेकनूरची गाडी कोणती, हे मी कंडक्टरच्या तोंडाकडं बघून ओळखायचे. पुढं आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात झाडायला-पुसायला लागले. तिथं भिंतीवर लसीकरणाचे तक्ते होते, हात कसे धुवायचे त्याचे तक्ते होते. फरशी पुसता पुसता मी ते वाचायला लागले. आधी चित्र बघायचं, मग खालचं अक्षर, आणि तेच घरी येऊन गिरवायचं. 'गोवर' हा मला नीट वाचता आलेला पहिला शब्द. बाकीच्या बायका पोरांच्या पुस्तकातून शिकल्या, मी रोगांच्या नावांवरून शिकले, असं मी सगळ्यांना हसून सांगायचे.

आता तेवढं हसून सांगवत नाही.

दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसणारे कारकून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुमचं अक्षर बरं आहे, बसा दोन-चार दिवस." ते दोन-चार दिवस सहा वर्षं चालले. काम सोपं. माणूस आला की रजिस्टरमध्ये तारीख, नाव, वय, पत्ता आणि काय होतंय ते लिहायचं, चिठ्ठी फाडून हातात द्यायची. लिहिलेलं सगळं दर सोमवारी संगणकावर चढायचं आणि तिथून वर जायचं. वर म्हणजे कुठं, ते मी कधी विचारलं नाही.

पत्त्याचं मात्र नीट सांगते, कारण सगळं तिथंच आहे.

बीडमध्ये राहणारा माणूस बीडचा नसतोच. वीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढलेली असतात, पोरं इथंच जन्मलेली असतात, तरी तो पालीचा असतो, नेकनूरचा असतो, शिरूर कासारचा असतो. इथं तो नुसता राहतो. आणि आमच्यात माणूस भेटला की पहिलं विचारायचं ते गाव. नाव मागाहून. गाव कळलं की त्यातून कुणाची तरी मावशी निघते, कुणाची नणंद निघते, आणि आजारी माणूस जरा सैल होतो. मीही तेच करायचे. पत्त्याच्या रकान्यावर पेन टेकवायचं आणि विचारायचं, "मूळचे कुठले?" तो सांगेल ते गाव लिहायचं. एखादा म्हणायचा, "सध्या हितंच मागच्या गल्लीत राहतो." मी म्हणायचे, "ते हाय की मला ठाऊक. मूळ सांगा." मला वाटायचं, मूळ लिहिलं म्हणजे खरं लिहिलं. भाड्याची खोली आज आहे, उद्या नाही. गाव कुठं जातंय?

मी त्यात रमायचेही. एकदा डॉक्टर आतून बाहेर आले आणि म्हणाले, "मावशी, रांग गेटापर्यंत गेली आणि तुम्ही सोयरिकी जुळवत बसलाय." रांगेतला एक म्हातारा बोलला, "जुळवू द्या साहेब. ताप काय पळून चाललाय व्हय?" सगळी रांग हसली. डॉक्टरही हसले. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, मला तर नाहीच नाही.

त्या सहाव्या वर्षी माझ्या सुनेला दिवस गेले होते. पहिलटकरीण. तिचं माहेर शिरूर कासारकडचं. बाळंतपणाला माहेरी जायची रीत, पण तिचे आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला जातात, दिवाळी झाली की घराला कुलूप. म्हणून बाळंतपण आमच्याकडंच करायचं ठरलं. विहीणबाई कारखान्याकडं निघायच्या आदल्या दिवशी आमच्याकडं आल्या. लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, तिला दोन दिवस पुरतील एवढ्या बेसनाच्या वड्या दिल्या आणि मला म्हणाल्या, "इहीणबाई, पाडव्यापस्तोर मला काय येणं व्हायचं न्हाई. लेक तुमच्या पदरात टाकून चाल्ले."

मी म्हणाले, "दवाखान्यातल्या बाईच्या घरात हाय तुमची लेक. घोर कशाचा करता?"

तेव्हा हे मला लई शोभून दिसलं होतं.

संक्रांत जवळ आली तशी दवाखान्यात काविळीची माणसं यायला लागली. एकदम नाही. आज एक, मग दोन दिवस कुणीच नाही, मग परत एक. कावीळ आमच्याकडं नवी नाही. लोक आधी गावाकडं जाऊन झाडपाल्याचं औषध पितात, गळ्यात मंतरलेली माळ घालतात, आणि तरी अंगातलं त्राण गेलं की मग आमच्याकडं येतात. पहिला आला तो रिक्षावाला. मूळचा नेकनूरचा. मग बांगड्या विकणारी बाई. पालीची. मग एक गवंडी, शिरूर कासारचा, म्हणजे माझ्या सुनेच्या माहेरकडचा, त्याच्याशी मी जरा जास्तच बोलले. मी लिहीत गेले. नेकनूर. पाली. शिरूर कासार. परत पाली. डॉक्टर त्यांना तपासत होते, रक्त तपासायला पाठवत होते, पाणी उकळून प्या म्हणून सांगत होते. तेही दिवसाला शंभर माणसं बघणार. कोण कुठून आलं ते बघायचं काम माझं होतं.

एक दिवस नेकनूरकडच्या नर्सबाईंचा फोन आला. रजिस्टरवर गाव लिहिलं की त्या गावच्या नर्सबाईंना वरून कळवलं जातं, ते मला त्या फोनवर कळलं.

"मावशी, तुमच्याकडनं आमच्या गावचा एक कावीळवाला कळवलाय. सकाळधरनं त्याचं घर हुडकतेय. घर घावलं, पण घरात बाभळ उगवलीय."

मी म्हणाले, "अगं बाई, तो हितं असतोय. रिक्षा चालवतो. बारा वर्षं झाली की."

"मग नेकनूर कावून लिहिलं?"

"नेकनूरचाच हाय ना त्यो."

"लई भारी. मी हितल्या विहिरीत औषध टाकलं. अख्ख्या आळीला पाणी उकळाय लावलं. लोक मला विचारतेत, बाई, कुणाला झालीय कावीळ? मी काय सांगू, बाभळीला झालीय?"

ती हसली, मीही हसले. फोन ठेवून मी चहा प्यायले. बारा कोसांवरची बाई मला सांगत होती की तिथं रोग नाही. मग तो कुठं आहे, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.

पाच-सहा दिवसांनी साथरोगाचं काम बघणाऱ्या मॅडम दवाखान्यात आल्या. वयानं माझ्या सुनेपेक्षा जरा मोठ्या, पाठीला बॅग, धुळीनं पांढरे झालेले बूट. त्या डॉक्टरांकडं न जाता सरळ माझ्या टेबलाशी आल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"मावशी, कावीळ ही पाण्यातून येते. एका पाण्यावरची माणसं एका वेळी पडतात. तुमच्या रजिस्टरमध्ये मात्र इकडं एक, तिकडं एक, असं सगळ्या तालुक्यांत पसरलंय. असं होत नाही."

मी म्हणाले, "मॅडम, मी एक अक्षर चुकवलेलं न्हाई."

"चुकवलं असं म्हणत नाही मी. ही माणसं पाणी कुठलं पितात?"

असं कुणी मला कधी विचारलं नव्हतं. मी जरा गोंधळले. मॅडमनी कोरा कागद घेतला, त्यावर पेन्सिल धरली आणि रजिस्टरवरचं एकेक नाव वाचायला लागल्या.

"हा रिक्षावाला कुठं राहतो?"

"पिठाच्या गिरणीच्या मागं."

"या बांगडीवाल्या बाई?"

"त्याच गल्लीत. गिरणीच्या मागं गेलं की डाव्या हाताला."

"हा गवंडी?"

"तोबी तिथंच. शेवटची खोली."

पुढचं नाव त्यांनी वाचलं. मी नुसतं बोट कागदाकडं केलं, त्याच जागेकडं. मॅडम वाचत गेल्या आणि मी बोट दाखवत गेले. नऊ नावं होती. नऊच्या नऊ एका गल्लीतली. कागदावर एवढ्याशा जागेत नऊ फुल्या गोळा झाल्या, मुंगळे गुळाला लागावेत तशा.

लोक विचारतात, तुम्हाला कसं कळलं नाही? मीही मला तेच विचारते. यातली माणसं मला गल्लीत रोजच्या रोज दिसत होती. बांगडीवाली तर माझ्या घरावरून जायची. पण टेबलावर बसले की माझ्यासाठी ती पालीची होती, तो नेकनूरचा होता. माझ्याच हातानं मी त्यांना गल्लीतून उचलून लांब लांब ठेवून दिलं होतं.

"ही गल्ली तुमच्या चांगलीच ओळखीची दिसतेय," मॅडम म्हणाल्या.

"मी तिथंच राहते," मी म्हणाले.

"घरी कोण कोण असतं?"

"ल्योक हाय. सून हाय."

"सगळे बरे आहेत?"

"बरे हायेत की. सुनेला आठवा लागलाय, तेवढंच."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. एवढ्या पोरवयाच्या बाईचा चेहरा असा उतरलेला मी बघितला नव्हता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, गरोदर बाईला ही कावीळ झाली तर ती साधी राहत नाही. जिवावर येते. तुम्ही आत्ता घरी जा. तिला उजेडात आणा आणि डोळे बघा."

इतकी वर्षं मी दवाखान्यात काढली होती. भिंतीवरचा एकेक तक्ता मला पाठ होता. यातलं एक अक्षर कुठल्याच तक्त्यावर नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

दुपारचे तीन वाजले होते. मी चपला घातल्या का नाही तेही आठवत नाही. गल्लीत त्या दिवशी पाण्याची पाळी होती. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि येतं तेव्हा घराघरात मोटर लावतात. नळालाच मोटर, म्हणजे पाणी ओढून घ्यायचं. ज्याची मोटर तगडी त्याची टाकी आधी भरते. सगळ्या गल्लीत त्या मोटरींचा घूं घूं आवाज चालला होता. पाइप कुठं फुटलेला असला तर मोटर शेजारच्या गटारातलंही ओढून घेते, हे मॅडमनी मागाहून सांगितलं. आमच्या घरचीही मोटर चालू होती. माझ्या पोरानं हौसेनं आणलेली.

सून आत अंधारात भिंतीला टेकून मेथी निवडत बसली होती. तीन दिवसांपासून ती म्हणत होती, अन्नाचा वास नको वाटतोय. मी म्हणायचे, आठव्यात होतंय असं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. मी तिचा दंड धरला तशी ती म्हणाली, "आत्या, काय झालं? धावत आलाव का काय?"

"उठ. बाहेर उन्हात चल."

"मेथी तरी..."

"राहू दे ती मेथी."

उंबऱ्याबाहेर मी तिची हनुवटी वर केली आणि खालची पापणी ओढली. हळदीच्या पाण्यात कापूस बुडवावा तसा रंग होता. कुणीही सांगितलं असतं. पण गेले कित्येक दिवस मी तिला उजेडात बघितलंच नव्हतं. सकाळी मी जाताना अंधार, येईपर्यंत घरात दिवे.

"काय दिसतंय आत्या?"

"काय न्हाई. लुगडं बदल. मोठ्या दवाखान्यात जायचंय."

"काय न्हाई तर मोठ्या दवाखान्यात कावून?"

मी जाऊन आमची मोटर बंद केली. ती माझ्याकडं बघत राहिली, मग स्वतःच आत जाऊन पिशवी भरायला लागली.

मोठ्या दवाखान्यात माझा मुलगा येऊन थांबला होता. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "गाव?" आणि माझा मुलगा म्हणाला, "पाली."

मी जागच्या जागी थिजले. पाली माझ्या सासऱ्याचं गाव. माझ्या पोरानं तिथं एक रात्र काढलेली नाही. जत्रेला गेला तरी शेवटच्या गाडीनं परत येतो. त्याची बायको बाकड्यावर डोळे मिटून पडली होती आणि तो पाली म्हणत होता. त्याला तरी काय बोलणार? तो हे माझ्याकडूनच शिकला.

मी खिडकीतून हात घालून त्या माणसाचं पेन धरलं. "पाली नका लिहू."

"मावशी, हात काढा."

"गिरणीच्या मागची गल्ली लिहा. घराचा नंबर लिहा."

"एवढं बसत न्हाई रकान्यात."

"मग उभं लिहा."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "लिहा हो साहेब. म्हातारीचा हात लई जोराचा दिसतोय." त्यानं लिहिलं. मी ते वाचून बघितलं आणि मगच हात काढला.

त्याच दिवशी मॅडम चार बायका घेऊन आमच्या गल्लीत घरोघर हिंडल्या. ज्यांनी दवाखान्याचं तोंडच बघितलं नव्हतं असे पिवळ्या डोळ्यांचे आणखी निघाले. दुसऱ्या दिवशी गिरणीपाशी खोदलं. पाण्याचा पाइप गटाराच्या पोटातून गेला होता आणि तिथंच चिरला होता. माझ्या मुलानं बघितलं. मोटरी चालू झाल्या की त्या चिरेपाशी गटाराचं पाणी गरगर फिरून आत जायचं, असं तो घरी येऊन म्हणाला आणि परसात जाऊन ओकला. पाइप बदलला. दीड-दोन महिन्यांत गल्लीत नवीन कुणी पडायचं थांबलं. इतकं सोपं होतं ते. एक कागद, एक पेन्सिल आणि एक सरळ प्रश्न.

सुनेला मात्र तिसऱ्या दिवशी भ्रम झाला. मला ओळखेना, नवऱ्याला ओळखेना, नुसती आईला हाका मारत होती. मग तिला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. ती रडली नाही. नर्सनं तिला कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं, आणि मी, सुनेचे बघितले तसे, तिचे डोळे उघडून बघायला गेले. नर्सनं माझा हात बाजूला घेतला.

डॉक्टर म्हणाले, आता आईचं बघू. आठ दिवस ते बघत होते. नवव्या दिवशी सकाळी सुनेनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

विहीणबाई तोवर कारखान्याकडून निघून, दोन गाड्या बदलून आल्या होत्या. हातांना कोयत्याचे घट्टे, पाय उसाच्या पाचटानं चिरलेले. लेकीच्या उशाशी बसल्या त्या उठल्याच नाहीत. सगळे त्यांना सांगत होते, पाण्यानं झालं, गल्लीतल्या बऱ्याच जणांना झालं. तेवढ्यावर भागलं असतं. मला कुणी काही विचारत नव्हतं. मॅडम तर उलट म्हणाल्या होत्या, मावशी, तुमच्या आठवणीमुळं पाइप सापडला.

पण मला ते पचेना. सून उठून बसायला लागली त्या दिवशी दुपारी, दोघींसमोर मी सगळं सांगितलं. रजिस्टर कसं लिहीत होते ते, नेकनूरच्या फोनचं, चहाचं सुद्धा.

विहीणबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाणी तर तुमीबी तेच पिलाव की, इहीणबाई." त्यांचं मन मोठं. माझ्या तोंडून हुंदका फुटला.

सून भिंतीकडं तोंड करून पडली होती. झोपली असेल असं वाटलं होतं. तशीच, न वळता म्हणाली, "आत्या, त्या रजिस्टरात माझ्या आधी किती जण होते?"

"नऊ."

"सगळे आपल्याच गल्लीतले?"

"हो."

"मग तिसऱ्या-चवथ्यालाच ध्यानात आलं असतं की."

तिच्या आवाजात राग नव्हता. दुकानदारानं उरलेले पैसे परत करताना चूक केली तर ती सांगते ना, तसं सांगितलं.

"हो," मी म्हणाले. "आलं असतं."

"तवा मी बरी होते," ती म्हणाली.

दवाखान्याचं टेबल मी सोडलं. मॅडमनी थांबा म्हणून दोनदा निरोप पाठवला. आता तिथं दुसरी बाई बसते, आणि रजिस्टरला पत्त्याच्या जागी दोन रकाने आहेत, राहता कुठं आणि पाणी कुठलं. गाव विचारत नाहीत.

सून घरी आहे. हिंडते-फिरते, माझ्याशी बोलते, आत्या म्हणूनच हाक मारते. सकाळी उठल्या उठल्या मी पाणी उकळते, गाळते, तिच्यासाठी झाकून ठेवते. ती उठते, झाकण काढते, ते पाणी परत पातेल्यात ओतते आणि चुलीवर ठेवते. पाण्याला बुडबुडे येईपर्यंत तिथंच उभी राहते, आणि मीही तिच्याशेजारी उभी राहते.